एफ लागत नाही म्हणून गिटार सोडू?

‘रोज बसतो, मन लावून बसतो, पण बोटं वळतच नाहीत. माझं वय झालं का? की मुळात माझ्या अंगातच नाही?’ मोठेपणी वाद्य हातात घेतलेली माणसं हा प्रश्न इतक्या वेळा विचारतात की आता मी पुढचं वाक्यही ओळखू शकते. गिटारवाल्यांचं घोडं तर बहुधा एकाच ठिकाणी अडलेलं असतं, ते म्हणजे एफ कॉर्ड. (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणारे स्वर; एफ धरताना तर्जनी सहाही तारांवर आडवी टाकावी लागते.)

त्यातलाच एक अनुभव सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

हे गृहस्थ बेचाळीस वर्षांचे, हिशेबाच्या कामातले. माझ्याकडे समुपदेशनासाठी आले होते ते झोप लागत नाही आणि सतत चिडचिड होते म्हणून. गिटारचा विषय निघाला तोही उठता उठता. म्हणाले, ‘एक छंद लावून घेतला होता मॅडम, आठ महिने झाले, तोही आता बंद करतोय. आपलं काम नाही ते.’ मी म्हटलं, बसा जरा.

सोडायचं का, याचा त्यांनी चोख हिशेब मांडला होता. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की कुठल्याही विद्येला दहा हजार तास लागतात. रोज एक तास धरला तर साधारण सत्तावीस वर्षं. ‘म्हणजे मी एकोणसत्तराव्या वर्षी बरा वाजवायला लागणार.’ हे ते हसत सांगत होते, पण त्या आकड्याने त्यांना आतून पार खचवलं होतं.

हा आकडा आला कुठून? मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 साली बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिनच्या विद्यार्थ्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या सर्वांत सरस गटाचा विसाव्या वर्षापर्यंतचा एकट्याने केलेला सराव सरासरी दहा हजार तासांच्या घरात जात होता. बस, एवढंच. तो उंबरठा नव्हता, सरासरी होती. आणि तीही व्यावसायिक वादक व्हायला निघालेल्यांची. त्याचा ‘नियम’ नंतर इतरांनी केला आणि एरिक्सन यांनी त्याला हरकतही घेतली. मित्रांसोबत बसून चार गाणी वाजवावीत, ही ज्याची इच्छा त्याने हा आकडा स्वतःला लावून घेण्याचं काहीच कारण नाही.

दुसरा घाव एका हितचिंतकाने घातला होता. त्याने यांना जँगो राइनहार्टची गोष्ट पाठवली. 1928 मध्ये आगीत भाजून त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं जवळजवळ निकामी झाली, तरी उरलेल्या दोन बोटांवर सोलो वाजवून तो जगातल्या मोठ्या गिटारवादकांत गणला गेला. गोष्ट खरी आहे. पण खचलेल्या माणसाला ती सांगू नये, असं माझं मत आहे. यांनी त्यातून काय घेतलं? ‘त्याला दोन बोटं पुरली. मला चारही शाबूत असून जमत नाही.’

मी त्यांना पुढच्या वेळी गिटार घेऊनच यायला सांगितलं. मी गिटार शिकवत नाही. थोडीफार वाजवते, घरच्यापुरती. मला त्यांची बोटं तपासायची नव्हती. सराव करताना हा माणूस स्वतःशी कसा वागतो, ते पाहायचं होतं.

ते वाजवायला लागले. पहिल्या दोन ओळी छान. मग सी कॉर्डवरून एफवर जायची वेळ आली. खांदे कानाकडे चढले, श्वास थांबला, अंगठा गिटारच्या मानेच्या मागे इतका जोरात दाबला गेला की नख पांढरं पडलं. तार खडखडली. ‘च्च’ केलं, माझ्याकडे पाहिलं आणि गाणं पुन्हा पहिल्यापासून सुरू. परत दोन ओळी छान, परत तिथेच ‘च्च’, परत पहिल्यापासून. मी थांबवेपर्यंत हेच चाललं होतं.

आता यात सराव कशाचा झाला? पहिल्या दोन ओळींचा, ज्या आधीच येत होत्या. ज्या बदलाने त्यांना आठ महिने छळलं, त्याच्या वाट्याला प्रत्येक फेरीत एखादा सेकंद आला, तोही धास्तीत गेलेला. बाकी काय, तासभर बसल्याचं समाधान आणि त्याच जागी अडल्याची खंत, दोन्ही रोज घरी नेत होते. त्यांच्याकडे एक वहीही होती. रोजच्या सरावाला दहापैकी गुण! चारच्या वर एकदाही गेले नव्हते. म्हणजे सराव असा कधी झालाच नव्हता, रोज परीक्षाच होत होती.

दुसरी गोष्ट मी पट्टी मागवून पाहिली. बाराव्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे गिटारच्या मानेवरची धातूची आडवी पट्टी) सहावी, म्हणजे सर्वांत जाड, तार फ्रेटच्या धातूपासून किती उंच आहे, हे नवशिक्याने एकदा तरी मोजावं. स्टीलच्या तारांच्या अकूस्टिक गिटारवर ती साधारण दोन ते अडीच मिलिमीटर असली तर हात सुखात राहतो. यांची चारच्या वर होती. पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) लावून तोच आकार एक घर पुढे धरायला सांगितला, तर बऱ्यापैकी वाजला. याचा अर्थ नटच्या (मानेच्या टोकाला तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीच्या) खाचाही उंच राहिलेल्या असणार, आणि एफ तर नटला अगदी लागून. गिटार दुरुस्त करणाऱ्याकडून सेटअप, म्हणजे तारांची उंची नीट, करून घ्या आणि जाड तारांऐवजी दहाचा, म्हणजे बारीक तारांचा, संच लावा, असं सुचवलं. दोष आपल्या बोटांत नाही, निदान सगळा नाही, हे कळल्यावर माणसाची मान कशी वर येते ते बघण्यासारखं असतं.

तरी मी त्यांना लगेच बजावलं की सेटअप केल्याने एफ फुकट मिळणार नाही.

मग आम्ही फक्त त्या कॉर्डकडे पाहिलं. तर्जनी सहाही तारांवर आडवी पडते म्हणून सहाही तारा तिनेच दाबायच्या, असा जवळपास प्रत्येकाचा समज असतो. प्रत्यक्षात पाचवी, चौथी आणि तिसरी तार बाकीची बोटं सांभाळतात. तर्जनीच्या वाट्याला उरतात तीनच: सहावी, दुसरी आणि पहिली. बोटाचा मधला भाग दाबलाच नाही तरी चालतं. बोट जरासं अंगठ्याच्या बाजूला कलवायचं, म्हणजे मऊ पेराऐवजी हाडाची कड तारांवर येते. फ्रेटच्या पट्टीला खेटून ठेवायचं. आणि जोर चिमटीचा नाही, हाताच्या वजनाचा. कोपर सैल सोडून हात किंचित मागे ओढला की अंगठ्याचं काम अर्ध्यावर येतं. हे आधी पाचव्या फ्रेटवर करायचं, तिथे तोच आकार ए मेजर कॉर्ड होतो आणि तारा कमी अडतात. तिथून एकेक घर खाली यायचं.

घरी करायला दिलं ते याहून साधं. तासाऐवजी वीस मिनिटं. सुरुवातीला दोन मिनिटं सी-एफ, सी-एफ एवढंच, आणि तेही न दाबता. बोटं आकारात तारांवर फक्त टेकवायची, उचलायची, पुन्हा टेकवायची. आवाजच नाही, त्यामुळे ‘च्च’ करायलाही वाव नाही. नंतर मेट्रोनोम (ठेका देणारं यंत्र) मिनिटाला साठ ठोक्यांवर ठेवून चार ठोक्यांना एक बदल. मग ते सोडून दुसरं काही, जीवरून डी किंवा स्ट्रमिंगचा एखादा ठेका, आणि फिरून पुन्हा एफ.

हे मिसळून करणं त्यांना पटत नव्हतं. ‘एकच गोष्ट पन्नासदा घोटली की शेवटी जमते ना?’ जमते, त्या बैठकीपुरती. ‘काल येत होतं, आज गेलं’ ही त्यांचीच तक्रार मी त्यांना आठवण करून दिली. शी आणि मॉर्गन या संशोधकांनी 1979 मध्ये हाताच्या हालचालींवर केलेला प्रयोग याच मुद्द्याचा आहे. एकाच प्रकारचा सलग सराव करणारे सरावाच्या वेळी सरस दिसले. प्रकार मिसळून सराव करणारे त्या वेळी चाचपडले, पण दहा दिवसांनी तपासलं तेव्हा त्यांच्या हातात जास्त टिकलं होतं. म्हणून आज चाचपडायला झालं तर बैठक वाया गेली, असं धरू नका.

आणि गाणी? एफ येईपर्यंत गाणी बंद, असा दंडक त्यांनी स्वतःला घालून घेतला होता. तो मी मोडायला लावला. एफच्या जागी एफ मेजर सेव्हन ही सोपी कॉर्ड धरा: चौथी तार तिसऱ्या फ्रेटवर, तिसरी दुसऱ्यावर, दुसरी पहिल्यावर आणि पहिली मोकळी. बहुतेक गाण्यांत खपून जातं. काही जण याला पळवाट म्हणतात. म्हणू देत. जो माणूस गाणी वाजवत राहतो तोच पुढे बार कॉर्डपर्यंत, म्हणजे तर्जनी आडवी टाकून धरायच्या कॉर्डपर्यंत, पोचतो, हे मी पुष्कळदा पाहिलंय.

वहीतले गुण बंद केले. त्याऐवजी एकच ओळ लिहायची: आज नेमकं काय अडलं. ‘वाईट वाजलं’ चालणार नाही. ‘दुसरी तार वाजत नाही’ चालेल. शिवाय आठवड्यातून एकदा तीच तीस सेकंदं फोनवर रेकॉर्ड करायची आणि महिनाभर ऐकायची नाहीत. यावर ते बराच वेळ अडून बसले, स्वतःचं वाजवणं ऐकवत नाही म्हणाले. म्हणूनच महिन्यानंतर ऐका, असं ठरलं.

दुखण्याबद्दलही विचारत होते. बोटांची टोकं दुखणं ठीक आहे. काही आठवड्यांत कातडी राठ होते आणि ते कमी होतं. मनगट, अंगठ्याचं मूळ किंवा कोपराखालचा हात दुखत असेल, मुंग्या येत असतील, तर मात्र नेट लावून वाजवायचं नाही. गिटार खाली ठेवायची, आणि थांबलं नाही तर डॉक्टर.

दोन महिन्यांनी एफ दहातून पाच-सहा वेळा लागत होती. दुसरी तार अजून अधूनमधून मुकीच राहायची. पहिलं आणि शेवटचं रेकॉर्डिंग एकापाठोपाठ ऐकलं तेव्हा त्यांना बोटांपेक्षा दुसरंच काहीतरी जाणवलं: पहिल्यात दर थोड्या वेळाने ‘च्च’ ऐकू येत होतं. झोपेचं काम आमचं वेगळं चालूच आहे, त्याचं श्रेय मी गिटारला देणार नाही.

सध्या त्यांच्या गिटारच्या सरांनी बी मायनर दिलंय. ‘यात तर्जनीकडे पाचवी आणि पहिली, एवढ्या दोनच तारा आहेत,’ हे या वेळी त्यांनीच मला सांगितलं. वहीतली ताजी नोंद: पहिली तार खडखडते.