ओल्ड हेडला खेळायला जाताना: तिकिटाचा क्रम, वारा आणि कडा

लातूरच्या सदस्यांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी मँचेस्टरला असते, पुढच्या उन्हाळ्यात ते तिच्याकडे जाणार आहेत, ब्रिटनचा व्हिसा हाती आलेला आहे, आणि त्याच प्रवासात आयर्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील ओल्ड हेड या कड्यावरच्या मैदानावर एक दिवस गोल्फ खेळण्याची त्यांची फार दिवसांची इच्छा आहे. एजंटाने त्यांना ‘आयर्लंडसाठी वेगळे काही लागत नाही’ असे सांगून आधी डब्लिनला उतरणारे स्वस्त तिकीट सुचवले आहे. त्यांनी प्रश्न मात्र ओल्ड हेडच्या वाऱ्यात कसे खेळावे आणि चेंडू कड्यावरून गेला तर काय करावे, एवढाच विचारला आहे. वाऱ्याविषयी मी पुढे लिहितोच, पण तिकिटाचे वाक्य वाचून मी जागच्या जागी थबकलो, कारण नेमक्या याच सल्ल्यापायी आमच्या घरची एक अख्खी सहल विस्कटली होती.

आधी एक खुलासा. मी व्हिसा सल्लागार नाही, निवृत्त अभियंता आहे, आणि हे नियम बदलत असतात. तेव्हा मी लिहितो ते दोन्ही सरकारांच्या अधिकृत संकेतस्थळांवर स्वतः पडताळून घ्यावे.

आयर्लंड हा युरोपातील शेंगेन गटात (एकाच सामाईक व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांत) नाही आणि ब्रिटनचा भागही नाही. त्याचा व्हिसा स्वतंत्र असतो. मात्र भारतीय नागरिकांसाठी ब्रिटिश-आयरिश व्हिसा योजना आहे, तिच्यात एका देशाच्या अल्प मुदतीच्या व्हिसावर दुसऱ्या देशातही जाता येते. यासाठी दोन अटी आहेत. पहिली म्हणजे व्हिसावर ‘बीआयव्हीएस’ (योजनेच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे) हा शेरा असला पाहिजे. दुसरी, जी सांगायला बहुतेक जण विसरतात, ती म्हणजे ज्या देशाने व्हिसा दिला त्याच देशात आधी रीतसर प्रवेश झाला पाहिजे. ब्रिटनचा व्हिसा घेऊन मुंबईहून थेट डब्लिनला उतरता येत नाही. लंडनच्या विमानतळावर आतल्या आत विमान बदलणे म्हणजेही प्रवेश नव्हे. इमिग्रेशनच्या अधिकाऱ्यासमोर उभे राहून प्रवेशाची परवानगी घ्यावी लागते, तेव्हाच आयर्लंडचा रस्ता खुला होतो.

आता आमच्या बाबतीत काय झाले ते सांगतो. ज्या प्रवासी कार्यालयाकडे आम्ही सगळे काम सोपवले होते, त्याचे नाव येथे घेत नाही. वातानुकूलित खोली, भिंतीवर आयफेल टॉवर, टेबलावर काचेखाली दाबलेली व्हिजिटिंग कार्डे, असा सगळा थाट होता. मुंबईहून दुबईमार्गे डब्लिन आणि परत येताना लंडनहून मुंबई, असे तिकीट त्यांनी काढले, कारण ते स्वस्त पडत होते. माझ्या साडूंनी ईमेलवर स्पष्ट विचारले होते की आधी लंडन की आधी डब्लिन याने काही फरक पडतो का. उत्तर आले, ‘सर, काहीच फरक पडत नाही, दोन्ही देश एकाच व्हिसात होतात, तुम्ही निर्धास्त राहा.’

मुंबईच्या विमानतळावर चेक-इनच्या काउंटरवरील मुलीने साडूंचा पासपोर्ट उघडला, व्हिसाच्या स्टिकरवरील शेऱ्याखाली नखाने रेघ ओढल्यासारखे केले, संगणकात काहीतरी पाहिले आणि अतिशय नम्रपणे विचारले, ‘काका, ब्रिटनला आधी जाऊन आलात का?’ नाही म्हटल्यावर तिने वरिष्ठांना बोलावले, आणि त्यांनी आम्हाला विमानात घेता येणार नाही असे सांगितले. त्यांचे काही चुकले नाही. अपुऱ्या कागदपत्रांचा प्रवासी नेला तर विमान कंपनीला दंड होतो, त्यामुळे काउंटरवर रडून, ओरडून, ओळख सांगून उपयोग नसतो. गोल्फच्या लांबलचक पिशव्या ट्रॉलीवर आडव्या टाकून आम्ही चौघे बाजूला झालो आणि कार्यालयाच्या ‘चोवीस तास’ क्रमांकावर फोन लावत बसलो. तो सकाळी दहा वाजता उचलला गेला.

खरा फटका पुढेच बसला. तिकिटाचा पहिला टप्पा वापरला नाही की पुढचे टप्पेही आपोआप रद्द होतात, ही गोष्ट आम्हाला कार्यालयाने नव्हे, त्या काउंटरवरील मुलीनेच समजावून सांगितली. म्हणजे लंडनला जायचे तिकीट ऐनवेळच्या भावाने नवे, आणि परतीचेही नवे. मैदानाचे आगाऊ पैसे याच कार्यालयामार्फत भरलेले होते, ते मूळ वेळेबरोबर गेले. परत आल्यावर आम्ही विचारायला गेलो, तर ‘एअरलाइनने उगाच अडवले’, मग ‘वरिष्ठ दौऱ्यावर आहेत’, मग ‘परतावा प्रक्रियेत आहे’, अशा पायऱ्या सुरू झाल्या. चहा मात्र प्रत्येक वेळी मिळाला. शेवटी साडूंनी ती ईमेल छापून जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करण्याचे पत्र पुढे ठेवले, तेव्हा कुठे रकमेचा काही भाग परत आला. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार जिथे राहतो तेथील आयोगातही तक्रार करता येते, त्यासाठी वकील सक्तीचा नाही, आणि मुदत दोन वर्षांची असते. ही माहिती आपल्याकडे फार थोड्यांना असते आणि अशी कार्यालये त्यावरच जगतात, असे माझे स्पष्ट मत आहे. ते सर्वांना लागू करू नये. नांदेडमधील एका छोट्या एजंटाने माझे काम चोख केलेले आहे.

म्हणून तुमच्यासाठी क्रम असा ठेवावा: मुंबईहून ब्रिटन, मुलीकडे मुक्काम, मग तेथून कॉर्कला विमान, आणि परत ब्रिटनहून घरी. ओल्ड हेडजवळच्या किन्सेल गावाला कॉर्क हे सर्वांत जवळचे विमानतळ आहे. मैदानाची वेळ स्वतः त्यांच्याकडून थेट घ्यावी, मधे कोणी नको. ते मैदान साधारण एप्रिल ते ऑक्टोबर एवढेच चालते. शुल्क तीन आकडी युरोंत असते, त्यामुळे रद्द करण्याच्या अटी ओळ न् ओळ वाचाव्यात आणि आयर्लंडमधील पहिल्याच दिवसाची वेळ घेऊ नये. एखादा दिवस मोकळा हाताशी असू द्यावा.

आता वाऱ्याकडे येतो. ओल्ड हेड हे अटलांटिकमध्ये घुसलेले सुमारे २२० एकरांचे भूशिर आहे, कडे तीनशे फुटांच्या आसपास उंच आहेत, आणि १९९७ साली सुरू झालेल्या या मैदानाचे नऊ होल (खेळाचे टप्पे) कड्याच्या अगदी कडेने जातात. तिन्ही बाजूंनी पाणी असल्यामुळे वाऱ्याला अडवायला एक झाडसुद्धा नाही. त्यातच होल एकाच दिशेने जात नाहीत, त्यामुळे आत्ता पाठीवर असलेला वारा पुढच्या होलला छातीवर येतो. ढोबळ हिशेब असा करतात की समोरच्या वाऱ्याच्या ताशी दर मैलाला धरायचे अंतर एक टक्का वाढते आणि पाठीमागच्या वाऱ्याने त्याच्या निम्म्याने कमी होते. ताशी वीस मैलांचा वारा समोर असेल तर १५० यार्डांचा फटका १८० यार्डांचा समजून क्लब (मारायची काठी) निवडावा, आणि पाठीमागे असेल तर १३५ चा. हे गणित सोपे आहे, हात मात्र ऐकत नाहीत. समोर वारा दिसला की आपण जोर लावतो, जोराने चेंडूला उलटी फिरकी जास्त मिळते, आणि चेंडू वर चढून जागीच लटकतो. लांब पल्ल्याचा क्लब घ्यावा, चेंडू पायांत किंचित मागे ठेवावा, पाऊण झोक्यात मारून फटका खालून जाऊ द्यावा. याचा सराव घरून करून जाता येतो, त्यासाठी समुद्र लागत नाही.

मराठवाड्यातून जाणाऱ्याने आणखी एक वजावट धरावी, जी मला कोणी सांगितली नव्हती. आपण साडेपाचशे मीटरच्या आसपास उंचीवरच्या पठारावर, चाळीस अंशांच्या कोरड्या उन्हात, दगडासारख्या कडक जमिनीवर खेळतो. येथे चेंडू हवेत लांब जातो आणि पडल्यावर घरंगळत आणखी पुढे जातो. तिकडे समुद्रसपाटीजवळची थंड, दाट हवा आणि ओलसर गवत असते, त्यामुळे ड्रायव्हरचा (सर्वांत लांब मारणाऱ्या क्लबचा) फटका सहज वीसेक यार्ड तोकडा पडतो. लोक याचा दोष दमट हवेला देतात, पण पाण्याची वाफ हवेपेक्षा हलकी असते. खरे कारण थंडी आणि उंची यांत आहे. होलभोवतीच्या गवताच्या गुळगुळीत पट्ट्याला ग्रीन म्हणतात; माझी सुरुवात तर त्याऐवजी तेल घातलेल्या वाळूच्या ‘ब्राउन’वर झालेली, त्यामुळे हिरव्या, उतारांच्या, वाऱ्याने चेंडू हलवणाऱ्या ग्रीनवर पट करताना (चेंडू हलकेच होलकडे ढकलताना) मला पहिले काही होल काहीच उमगले नाही.

कड्यावरून चेंडू गेला तर काय, हेही विचारले आहे. गेला तर गेला, त्याच्यामागे जाऊ नये. गवत कडेपर्यंत सलग दिसते, पण त्याखाली जमीन आहेच असे नाही. अशा कडा बहुधा लाल खुणांनी पेनल्टी क्षेत्र (चेंडू गेल्यास दंड घेऊन बाहेरून खेळता येते असा भाग) म्हणून आखलेल्या असतात, आणि २०१९ पासून अशा क्षेत्रासाठी पाणी असण्याचीही अट नाही. एक दंडाचा फटका धरून चेंडूने सीमा जिथे ओलांडली तेथून दोन क्लबलांबीच्या आत, होलच्या जवळ न जाता, गुडघ्याच्या उंचीवरून नवा चेंडू टाकता येतो. चेंडू त्या क्षेत्रातच गेला हे नक्की माहीत असेल तर राखीव चेंडू (पहिला सापडला नाही तर म्हणून मारलेला दुसरा) मारता येत नाही. इतरत्र हरवला तर शोधायला तीन मिनिटे मिळतात, पूर्वीसारखी पाच नाहीत.

चौथ्या होलला डावीकडे कडा आणि समोर दीपगृह असे दृश्य येते, तेव्हा खेळ सोडून मोबाइल काढण्याचा मोह होतो. काढावा. पण टीवर (होलचा पहिला फटका मारायच्या जागेवर) नंबर येण्याआधी काढावा, मागचा चमू खोळंबतो. बाराव्याला टीवरूनच कड्याची खाच ओलांडून मारायचे असते. तेथे कॅडी (पिशवी वाहणारा, वाट दाखवणारा सोबती) दाखवेल त्याच रेषेवर मारावे, स्वतःची हिंमत दाखवू नये. ‘कॅडी कशाला’ म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, पण अशा मैदानावर ग्रीन फीपेक्षा (मैदानाच्या शुल्कापेक्षा) कॅडीचे पैसे जास्त कामी येतात असे मला वाटते. गुणफलकाची अपेक्षा घरी ठेवून जावे. कॅलिफोर्नियातील पेबल बीच मैदानाचा सातवा होल जेमतेम १०६ यार्डांचा आहे, तरी १९९२ च्या यूएस ओपन गोल्फ स्पर्धेच्या शेवटच्या दिवशी वाऱ्यात अमेरिकन व्यावसायिक खेळाडू टॉम काइटचा चेंडू तेथे ग्रीनवर थांबला नाही. त्याने बाहेरून चिप (छोटा उचललेला फटका) मारून थेट होलमध्ये घातला आणि स्पर्धा जिंकली, पण ते टॉम काइट होते.

किरकोळ सूचना. ड्रायव्हरचे डोके निघत असेल तर काढून मोज्यात गुंडाळावे आणि पिशवीत क्लबपेक्षा उंच आधारकाठी घालावी, म्हणजे पिशवी उलटी आपटली तरी शाफ्ट वाचतो. ऊन असले तरी पावसाळी जाकीट आणि दोन्ही हातांचे पावसाळी ग्लोव्ह्ज बरोबर असावेत. महागडे चेंडू नेऊ नयेत. धपाटे न्यायचे असतील तर दही न घालता करावेत, कारण युरोपीय संघाबाहेरून दुधाचे पदार्थ आत नेता येत नाहीत. आणि वाटेतल्या जुन्या टेहळणी बुरुजापाशी थोडे थांबावे; ७ मे १९१५ रोजी जर्मन पाणबुडीच्या हल्ल्यात लुसिटानिया हे प्रवासी जहाज याच भूशिरापासून काही मैलांवर बुडाले, त्याची माहिती तेथे मांडलेली आहे.

तिकीट अजून काढले नसेल तर व्हिसावरचा शेरा आज पाहून घ्यावा, आणि एजंटाचे उत्तर लेखी मागवावे. शेरा नसेल तर आयर्लंडचा वेगळा अर्ज करावा लागेल आणि त्याला बरेच आठवडे लागू शकतात, त्यामुळे मैदानाची वेळ त्यानंतरच ठरवावी.