फ्रिजवरच्या चिठ्ठ्या

"मॅडम, परवा रात्री माझ्या मनात येऊन गेलं, हे काही यातून उठत नाहीत. आता सगळं फिसकटलं का हो?"

माझ्या समुपदेशनाच्या खोलीत खुर्चीत नीट टेकायच्या आतच त्यांनी विचारलं. मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात घट्ट. मी पाणी पुढे केलं, ते शेवटपर्यंत तसंच राहिलं.

त्यांना इथे मार्थाताई म्हणते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत. लिहायला त्यांची परवानगी आहे. पन्नाशीच्या आसपास वय, नगरकडच्या जुन्या ख्रिस्ती घराण्यातल्या, प्राथमिक शाळेत बाई. यजमान मेकॅनिक. बरीच वर्षं ज्या गालात मावा धरला, त्याच गालात कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, मग सहा आठवडे मिळून रेडिएशनचे तीस शेक. आता तीन महिन्यांनी तपासणी, आणि तोपर्यंत वाट बघणं.

या वाट बघण्याच्या दिवसांत कुणी ओळखीच्या बाई त्यांना दर बुधवारी एका प्रार्थनागटात नेऊ लागल्या. तिथे शिकवलं जाई, 'बरे होऊ दे' म्हणू नका, 'बरे झाले आहेत' म्हणा. आजाराचं नाव तोंडातून काढलंत की तुम्ही तो स्वीकारलात. आणि शंका? शंका आली की मिळालेला आशीर्वादही निसटतो. मार्थाताईंनी घरी येऊन चिठ्ठ्या लिहिल्या. मोबाइलवर त्यांनी मला फोटो दाखवला: फ्रिजच्या दारावर अकरा चिठ्ठ्या, शाळेतल्या बाईंचं रेखीव अक्षर, 'माझे पती पूर्ण निरोगी आहेत' आणि त्याखाली, चुंबकाला अडकलेलं, 'गॅस नंबर लावणे'.

पहिले काही दिवस छान गेले, असं त्या म्हणाल्या, आणि मला ते खरं वाटतं. सकाळी उठायला काहीतरी धरायला लागतं. पण मग उलट सुरू झालं. वाईट विचार येऊ द्यायचा नाही म्हणून त्या दिवसभर मनाच्या दारावर पहारा देत बसायच्या, आणि पहारा देणाऱ्याला चोरच दिसत राहतो. डॅनियल वेग्नर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1987 साली यावर एक साधा प्रयोग केला होता. विद्यार्थ्यांना सांगितलं, पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आलाच तर घंटी वाजवा. घंट्या वाजतच राहिल्या. मार्थाताईंचं अस्वल रात्री अडीचला यायचं.

त्याहून वाईट एक गोष्ट त्यांनी दुसऱ्या भेटीत, जाता जाता सांगितली. यजमानांनी एक प्लॅस्टिकची फाइल करून ठेवली होती. पॉलिसी, बँकेची पासबुकं, कुणाकडून किती येणं. ते फाइल घेऊन बसले की या म्हणायच्या, "असलं बोलायचं नाही." दुखतंय म्हटलं तरी तेच. ऑपरेशननंतर त्यांचं बोलणं मुळात बोबडं झालेलं. हळूहळू त्यांनी बोलणंच सोडलं. फाइल गादीखाली गेली.

हा प्रश्न फक्त ख्रिस्ती घरांतून येतो असं कुणी समजू नये. 'शुभ बोल नाऱ्या' आपण सगळेच ऐकत वाढलो. वास्तुपुरुष तथास्तु म्हणत असतो म्हणून माझी आजी घरात 'मेलं' हा शब्दसुद्धा उच्चारू द्यायची नाही. आणि आताची मुलं येतात ती 'मॅनिफेस्ट' करत, म्हणजे हवं ते मनात घोकलं की घडतं असं मानत येतात. कपडे वेगळे, भीती एकच: माझ्या मनात आलं म्हणून घडेल.

मी स्वतः ख्रिस्ती नाही. त्यामुळे मार्थाताईंना त्यांचा धर्म शिकवणं माझं काम नव्हतं आणि माझा तो वकूबही नाही. पण मला एक शंका होती, की त्या ज्याला श्रद्धा म्हणताहेत ती श्रद्धा त्यांच्या आजोबांची नसून दुसरीकडून आलेली आहे. सकारात्मक विचारांची ही वाट एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेतून येते. मनाने रोग बरा करणारा फिनियास क्विम्बी तिथला. पुढे न्यूयॉर्कचे धर्मोपदेशक नॉर्मन व्हिन्सेंट पील यांनी 1952 साली 'द पॉवर ऑफ पॉझिटिव्ह थिंकिंग' लिहिलं आणि बायबलची वचनं अशी मंत्रासारखी पुन्हापुन्हा म्हणायची सवय लाखो घरांत पोचली. पील यांनी निराश माणसांना हात दिला हे नाकारायचं कारण नाही. पण त्या वाटेवर सगळा भार शेवटी माणसाच्या मनावर येतो. तुमचा विचार चुकला तर काम बिघडलं.

माझ्या ओळखीचे एक निवृत्त पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, आहेत. नाव न सांगता त्यांना विचारलं. ते हसले नाहीत, याचं मला बरं वाटलं. म्हणाले, "बाईंना त्यांचं स्वतःचं पवित्र शास्त्र घेऊन यायला सांगा. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र वाचू द्या. तुम्ही काही बोलू नका."

तिसऱ्या भेटीत मार्थाताईंनी वाचलं. पान शोधायला त्यांना वेळ लागला नाही, वाचायला लागला. हे स्तोत्र म्हणजे पहिल्यापासून शेवटपर्यंत तक्रार आहे. देवा, मी रात्रंदिवस ओरडतो आहे, तू तोंड का लपवतोस? बाकीची रडणारी स्तोत्रं बहुतेक शेवटी कुठेतरी स्तुतीकडे वळतात, हे वळत नाही. अंधारातच संपतं. मार्थाताईंनी पान उलटून पाहिलं, पुढे काही आहे का.

"हे शास्त्रात आहे," त्या म्हणाल्या. मला नाही, स्वतःलाच.

मी विचारलं, "हे लिहिणाऱ्याची श्रद्धा नव्हती का?"

"नसती तर ओरडला कुणाकडे असता?"

यानंतर मला फारसं काही करावं लागलं नाही. त्यांचं पाठांतर दांडगं, लहानपणापासून रविवारच्या शाळेत गेलेलं. एकेक आठवत गेलं. गेथशेमाने बागेत येशूने 'हा प्याला माझ्यापासून दूर कर' असंच आधी मागितलं होतं, मग म्हटलं की माझ्या इच्छेप्रमाणे नको. प्रेषित पौलाने शरीरातला काटा, म्हणजे कसलासा त्रास, जावा म्हणून तीनदा विनंती केली, काटा गेला नाही. फ्रिजवरची एक चिठ्ठी त्याच पौलाने फिलिप्पैकरांना लिहिलेल्या पत्रातली होती, 'सर्व काही करायला मी समर्थ आहे' अशा अर्थाची. ते पत्र बंदिवासातून लिहिलेलं आहे, आणि त्या ओळीच्या आधीच तो सांगतो की भरल्या पोटी राहायलाही शिकलो आणि उपाशी राहायलाही. मार्थाताई म्हणाल्या, "आधीची ओळ मी लिहिलीच नाही."

पंडिता रमाबाईंची आठवणही त्यांनीच काढली. त्यांच्या घरात रमाबाईंचा फोटो आहे. केडगावचं मुक्ती मिशन उभं करणाऱ्या या बाईची एकुलती लेक मनोरमा 1921 मध्ये गेली, रमाबाई स्वतः 1922 च्या एप्रिलमध्ये. "त्यांची श्रद्धा कमी पडली असं म्हणायची कुणाची हिंमत आहे?" हे विचारताना त्यांचा आवाज पहिल्यांदा शाळेतल्या बाईंसारखा लागला.

एक गोष्ट मात्र मला माझ्या बाजूनेही सांगायची होती, कारण स्तोत्राने धीर आला तरी अडीचची भीती हट्टी असते. त्यांना वाटत होतं की मनातल्या विचाराने गाठ परत येईल. जेम्स कॉइन आणि सहकाऱ्यांनी 2007 साली डोकं आणि मानेच्या कॅन्सरच्या 1093 रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली; तोंडाचा कॅन्सर याच गटातला. रुग्णाची मनःस्थिती चांगली की वाईट यावरून तो किती जगेल हे सांगता आलं नाही. म्हणजे खुद्द रुग्णाच्या मनाचं हे असं, तिथे बायकोच्या मनात रात्री काय आलं याची काय कथा! त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग टेबलावरचा रुमाल घेतला आणि रडल्या. मला वाटतं, ऑपरेशननंतर पहिल्यांदाच.

चिठ्ठ्या काढा असं मी सांगितलं नाही. प्रार्थनागट सोडा असंही नाही. तिथल्या दोघी-तिघी त्यांना डबा देत होत्या, हे मी कोण तोडणार? एवढंच ठरवलं, की रात्री विचार आला तर त्याला हाकलायचं नाही, तोच देवाला सांगायचा, जसा आला तसा. आणि यजमानांनी फाइल काढली तर पंधरा मिनिटं शेजारी बसायचं.

पुढच्या भेटीत फोटो बदललेला होता. फ्रिजवर गॅसची चिठ्ठी होती आणि एकच दुसरी, बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायातली, आजारी मुलाच्या बापाची: 'माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका.' तो मुलगा बरा होतो, बापाने एवढं कबूल केल्यावरही, हे मार्थाताईंनी मला आवर्जून सांगितलं.

फाइल गादीखालून निघाली. त्यात एका गॅरेजवाल्याकडून सात हजार येणं आहे असं लिहिलेलं होतं. मार्थाताईंना आजवर पत्ता नव्हता. "तीन वर्षं झाली, आणि हा माणूस मला बोलला नाही," असं म्हणून त्या चिडल्या, चांगल्या चिडल्या.

तपासणी अजून व्हायची आहे. सध्या घरी तोंड उघडण्याचा व्यायाम चालतो. शेकानंतर जबडा आखडतो, म्हणून आइस्क्रीमच्या काड्यांची थप्पी दातांमध्ये धरायची आणि हळूहळू एकेक वाढवायची. आधी दुखलं तरी ते काही म्हणायचे नाहीत. परवा चौदा काड्या गेल्या. पंधरावी सरकवली तेव्हा त्यांनी बोबड्या आवाजात बायकोला एक सणसणीत शिवी दिली, आणि दोघंही हसले.