फाटकाची कडी, चिपचा नंबर आणि काकांच्या वह्या

वाचकांचे प्रश्न : श्वानपालन

प्रश्न : माझे काका पंधरा दिवसांपूर्वी गेले. आयुष्यभर त्यांनी कारवान (सडपातळ, वेगवान देशी शिकारी कुत्र्यांची जात) जोपासले, शोमध्ये उतरवले. धायरीच्या घरी आता पाच कुत्री आहेत, त्यातली एक मादी बहुधा गाभण आहे. कपाटात वह्या, केसीआयचे (केनल क्लब ऑफ इंडियाचे) नोंदणीचे पेपर आणि रिबनी भरल्या आहेत. काकूंना हे झेपत नाही आणि लोक कुत्री मागायला येऊ लागलेत. सुरुवात कुठून करू?

उत्तर : फाटकापासून. सांत्वनाला माणसं येत-जात असतात, कडी लावायची राहून जाते आणि कारवान निसटला की हाकेला थांबत नाही. समोरून मांजर पळालं तर त्याला रस्त्यावरची वाहनं दिसत नाहीत. फाटकाला कुलूप घाला. येणाऱ्यांना कुत्र्यांच्या अंगावर हात फिरवू देऊ नका, परक्याचा हात या जातीला मुळातच सोसत नाही.

काका द्यायचे तेच खाणं, त्याच वेळी, त्याच भांड्यात द्या. बदलावंच लागलं तर आठवडा घ्या : दोन दिवस पाव हिस्सा नवं, दोन दिवस निम्मं, दोन दिवस पाऊण, मग पूर्ण. एकदम बदललं की जुलाब लागतात आणि ते खाण्याने झाले की आजाराने, हे ओळखता येत नाही.

मालक गेल्यावर कुत्रं एखादं जेवण सोडतं, हे खरं. पण गोचीडतापही असाच सुरू होतो. खाणं मंदावतं, हिरड्या फिक्या पडतात, ताप १०३ अंश फॅरनहाइटच्या वर जातो. म्हणून मोठ्या कुत्र्याने पूर्ण दिवस तोंड लावलं नाही तर दुःख म्हणून सोडून देऊ नका. रक्त तपासून घ्या, प्लेटलेट मोजायला सांगा. ऑपरेशन न झालेली मादी माजानंतर महिना-दोन महिन्यांनी खाईना आणि पाणी मात्र फार पिऊ लागली, तर गर्भाशयात पू झाल्याची शंका घेऊन त्याच दिवशी दवाखाना गाठा. कुठलीही शस्त्रक्रिया ठरली की हे कारवान आहे, असं डॉक्टरांना आवर्जून सांगा. या कुत्र्यांच्या अंगात चरबी जवळजवळ नसते, त्यामुळे थायोपेंटोनसारख्या भुलीतून ती फार उशिरा बाहेर येतात.

गाभण मादीसाठी वहीत मेटिंगची तारीख शोधा. तिथून साधारण ६३ दिवस धरा. ५५व्या दिवसानंतर एक्स-रे काढला की पिल्लं मोजता येतात. किती बाहेर यायची आहेत हे माहीत असलं तर रात्री तीन वाजता अंदाज बांधत बसावं लागत नाही. शेवटच्या आठवड्यात दिवसातून दोनदा गुदद्वारातून ताप बघा. तो ९९ अंशांखाली उतरला की साधारण चोवीस तासांत ती विते. अर्धा तास जोरदार कळा येऊनही पिल्लू आलं नाही, दोन पिल्लांत दोन तासांहून जास्त खंड पडला, किंवा पहिल्या पिल्लाआधीच हिरवट स्राव दिसला, तर थांबू नका, लगेच दवाखाना गाठा. जन्मल्यापासून प्रत्येक पिल्लू रोज एकाच वेळी ग्रॅमच्या काट्यावर ठेवा. पहिल्या दिवशी वजन किंचित घटेल, पण पुढे रोज वाढायला हवं आणि सात ते दहा दिवसांत दुप्पट व्हायला हवं. एखादंच पिल्लू मागे राहिलं तर त्याला भरलेलं आचळ धरून पाजा. आठ आठवड्यांच्या आत एकही पिल्लू देऊ नका. २०१७च्या श्वान प्रजनन व विक्री नियमांतही हेच आहे.

आता कागद. चिपच्या (कातडीखाली टोचलेल्या ओळखीच्या मायक्रोचिपच्या) स्कॅनरने पाचही कुत्री तपासा. चिप खांद्यांच्या मधे टोचलेली असते, पण कालांतराने सरकते, म्हणून मानेपासून कोपरापर्यंत यंत्र फिरवा. १५ आकडी नंबर पेपरशी ताडून एकच तक्ता करा : घरचं नाव, नोंदणीचं नाव, चिप, जन्मतारीख, आई-बाप, शेवटची रेबीजची लस. गोंधळ घरच्या नावांमुळे होतो. घरी जो ‘राजा’, त्याचं पेपरवरचं नाव केनल नेमसह (ब्रीडरच्या, म्हणजे पैदास करणाऱ्याच्या, केनलच्या नोंदलेल्या नावासह) भलतंच लांबलचक असतं, आणि एकाच वेताची दोन भावंडं दिसायला सारखी असली की पेपर हमखास उलटसुलट दिले जातात. तसं झालं की पुढच्या सगळ्या पिढ्यांची वंशावळ खोटी ठरते.

पेपर काकांच्या नावावर आहेत, आणि नावबदलाला नोंदलेल्या मालकाची सही लागते. म्हणून कुत्रं हलवण्याआधी मृत्यूचा दाखला आणि सर्व वारसांची लेखी संमती तयार ठेवा, आणि नाव कसं बदलायचं हे केसीआयच्या चेन्नईच्या कार्यालयाला लेखी विचारा. वहीत तोंडी व्यवहारही टिपलेले असतील. नर मेटिंगला दिला असेल तर फीऐवजी पिकचं पिल्लू (वेतातून निवडून घ्यायचं पिल्लू) ठरलेलं असतं. ते द्यायचं-घ्यायचं राहिलं असेल तर पूर्ण करा, काकांच्या शब्दाचा मान आहे.

म्हातारं कुत्रं शक्यतो काकूंजवळच राहू द्या. तरुणांसाठी कारवान आधी पाळलेलं, सहा फुटी कुंपणाचं घर बघा. ‘जोडी द्या’ म्हणणाऱ्याला आधी विचारा की दोघांचं नातं काय. सख्खी भावंडं जुळवली तर पिल्लांचा अंतःप्रजनन गुणांक (आई-बापाच्या जवळच्या नात्याचं माप) २५ टक्के येतो, सावत्र भावंडांचा १२.५. दुबळी पिल्लं आणि मेलेली वेतं तिथूनच वाढतात.

प्रश्न : क्लबच्या स्मरणिकेसाठी याच काकांवर लेख मागितला आहे. काय लिहू?

उत्तर : ‘असंख्य ट्रॉफ्या जिंकल्या’ हे वाक्य टाळा, त्यातून काका दिसत नाहीत. केनलची पहिली मादी कोणती, कुठून आणली, कोणत्या वर्षी, इथून सुरू करा. मग बाहेरचं रक्त, म्हणजे नात्याबाहेरचं कुत्रं, कधी आणि का आणलं. पाय, छाती, चाल, स्वभाव यांतलं काय त्यांना सुधारायचं होतं, त्याला किती वेतं लागली. कोणता देखणा नर त्यांनी स्वभावामुळे मेटिंगला वापरलाच नाही, हे वहीत सापडलं तर जरूर लिहा. ब्रीडरचा कस रिबनीपेक्षा अशा नकारात जास्त दिसतो.

पुरस्कार लिहिताना चॅलेंज सर्टिफिकेट (चॅम्पियन होण्यासाठी मिळवायचं प्रमाणपत्र), बेस्ट ऑफ ब्रीड (जातीत सर्वोत्तम), चॅम्पियन (अशा प्रमाणपत्रांवर मिळणारा किताब) आणि बेस्ट इन शो (सगळ्या शोमध्ये सर्वोत्तम) यांची सरमिसळ करू नका. सर्टिफिकेट आणि शोचा कॅटलॉग ताडून बघा, आठवणीवर विसंबू नका. दगावलेली वेतंही लिहा. त्याच लाइनवर (वंशावर) पुढे काम करणाऱ्याला ती माहिती सोन्याची आहे.

वह्यांचं प्रत्येक पान, कोरं सोडून, दिवसाच्या उजेडात टिपून दोन ठिकाणी ठेवा. लॅमिनेशन नको, ते परत काढता येत नाही. अल्बमला चिकटलेले फोटो ओढू नका, पानासकट स्कॅन करा. फोटोमागे नाव लिहायचं तर मऊ पेन्सिलने, बॉलपेन पुढे उमटतं. पावसाळ्याआधी सगळं कोरड्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा.

प्रश्न : त्यांच्या नावाने फिरती ट्रॉफी द्यावी का?

उत्तर : द्या, पण बेस्ट इन शोला नको, तिथे आधीच बरंच काही असतं. सर्वोत्तम ज्येष्ठ कारवान किंवा ब्रीडरने स्वतः पैदास केलेलं सर्वोत्तम कारवान, यांना दिली तर त्यांच्या कामाशी जुळेल. आयोजक क्लबशी आधी लेखी ठरवा : नाव कोरण्याचा खर्च कोणाचा, विजेत्याने ट्रॉफी पुढच्या शोआधी किती दिवस परत करायची, हरवली तर भरपाई कोणी द्यायची. लाकडी बैठकीवर विजेत्यांच्या नावांच्या निदान वीस पट्ट्यांची जागा ठेवा आणि विजेत्याला घरी ठेवायला एक छोटी प्रतिकृती द्या. म्हणजे मूळ ट्रॉफी मागायला संकोच वाटत नाही.