बाहुलीचं डोकं नकली निघालं, पण पाच वर्षं कधीपासून मोजायची?

लिऑनच्या ताई, तुमची मेल वाचली. नोव्हेंबर 2021 ला पॅरिसच्या लिलावात ‘बेबे झ्युमो, साधारण 1882’ म्हणून (झ्युमो या जुन्या फ्रेंच कारखान्याची) बाहुली घेतली, 2023 मध्ये रिस्टोररने विग काढून डोक्यावरचं बुचाचं झाकण उचललं तर आतून बिस्क (डोक्याचं बिनचकाकीचं पोर्सिलेन) एकसारखं गुळगुळीत, म्हणजे साच्यात ओतलेलं, आणि त्या काळातली डोकी तर हाताने दाबून करायचे, आत जाडी कमीजास्त लागते. डोकं नकली का, ते कोर्टाचा एक्सपर्ट सांगेल. अशा मेल बऱ्याच येतात आणि सगळ्या उशिरा येतात.

तुमचं सगळं अडलंय ते तारखेवर. फ्रान्सच्या वाणिज्य संहितेचं कलम एल. 321-17 बघा, लिलाव कंपनी आणि तिच्या एक्सपर्टवर भरपाईचा दावा पाच वर्षांत, आणि ती पाच वर्षं लिलावाच्या दिवसापासून, तुम्हाला कधी कळलं याच्याशी त्याला देणंघेणं नाही. म्हणजे नोव्हेंबर 2026. आणि तुम्ही काय केलंत, तर कंपनीला मेलवर मेल आणि एक रजिस्टर्ड नोटीस! अहो, नोटिशीने तिथे मुदत थांबत नाही, त्यासाठी कोर्टात जावं लागतं. समोरचे ‘आम्ही बघतो’ म्हणत राहिले, ते का, आता कळलं असेल.

म्हणून आधी फ्रान्सच्याच दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 145 खाली कोर्टाकडून एक्सपर्ट नेमून घ्या. या अर्जाने मुदत थांबते, आणि तपासणी चालू आहे तोवर पुढे सरकत नाही. तिथेही तारखा काही पटापट लागत नाहीत हं, त्यामुळे दिवाळीनंतर बघू असलं काही नको.

मूळ विक्रेत्याविरुद्ध विक्री रद्द करायची मुदत मात्र चूक कळल्यापासून पाच वर्षं, त्यामुळे तिकडे जरा श्वास आहे. पण तो सापडेल का, पैसे परत देण्याच्या स्थितीत असेल का, सांगता येत नाही.

कॅटलॉगचं पान आणि खरेदीची पावती शोधा. नुसतं ‘1882’ असेल तर 3 मार्च 1981 च्या डिक्रीने (तिथल्या सरकारी नियमाने) तुमची बाजू बऱ्यापैकी भक्कम, कारण एखादा भाग नंतरचा असेल तर तसं सांगावंच लागतं. ‘झ्युमोच्या धाटणीची’ असं असेल तर अवघड आहे.

आणि रिस्टोररला आजच फोन करा, झाकण परत चिकटवू नकोस म्हणावं.