जर्सी सिटी की ब्लूमिंग्टन? दिवसभर घरी कोण असणार, ते आधी बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नवऱ्याच्या कंपनीने दोन जागा पुढे ठेवल्यात. न्यूयॉर्कमधल्या मॅनहॅटनचं ऑफिस, म्हणजे राहायचं नदीपलीकडे न्यू जर्सी राज्यातल्या जर्सी सिटीत. नाहीतर इलिनॉय राज्यातलं ब्लूमिंग्टन. पगारात नाव घेण्यासारखा फरक नाही. तो एच-१बीवर (नोकरीचा व्हिसा), तुम्ही एच-४वर (त्याच्या जोडीदाराचा व्हिसा), मुलगी चार वर्षांची, पुण्याहून निघायचं ऑक्टोबरात. मी आधी जर्सी सिटीत आणि मग ब्लूमिंग्टनला संसार केलाय, म्हणून सविस्तर लिहिते.

बहुतेक जण भाड्यावरून ठरवतात. भाड्याचा फरक मोठा आहेच. जर्सी सिटीत पाथ ट्रेनच्या (मॅनहॅटनला जाणाऱ्या लोकलच्या) स्टेशनजवळ एका बेडरूमला महिना ३,००० डॉलर सहज जातात, ब्लूमिंग्टनला त्याच्या निम्म्यात दोन बेडरूमचं घर मिळतं. करांचं म्हणाल तर इलिनॉयचा राज्य आयकर सरसकट ४.९५ टक्के. जर्सीत राहून मॅनहॅटनला नोकरी केली तर न्यूयॉर्क राज्याचा कर भरावा लागतो, फक्त न्यूयॉर्क शहराचा वेगळा कर वाचतो. म्हणजे शिल्लक ब्लूमिंग्टनलाच जास्त पडणार, यात वाद नाही. पण नवरा दोन्हीकडे सकाळी निघून ऑफिसलाच जाणार आहे. त्याच्या दिवसात फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो तुमच्या दिवसात, आणि निर्णय मी तरी त्यावरून घेईन.

जर्सी सिटीत जर्नल स्क्वेअरच्या आसपास घर घेतलंत, तर न्यूअर्क अव्हेन्यूवरचा ‘इंडिया स्क्वेअर’ पायी अंतरावर येतो. कोथिंबीर संपली, मुलीला बाबागाडीत घातलं, घेऊन आलं. घर जुन्या इमारतीत असेल तर कपडे धुण्याचं मशीन तळघरात. धुण्याची पिशवी, मूल आणि साबण असं सगळं घेऊन जिने उतरायचे. वैताग येतो, पण त्या तळघरातच माझ्या दोन मैत्रिणी झाल्या. पाथ रात्रंदिवस चालते, पंधरा-वीस मिनिटांत मॅनहॅटन. गाडी लागत नाही. उलट असली तर रस्ता झाडायच्या दिवशी ती कुठे हलवायची, हाच उद्योग होतो. आणखी एक गोष्ट फार कुणी सांगत नाही: जर्सी सिटीत तीन-चार वर्षांच्या मुलांना पूर्ण दिवसाचं सरकारी प्री-के, म्हणजे बालवाडी, फुकट आहे. वर्षाच्या मध्ये गेल्यावर घराजवळच्याच शाळेत जागा मिळेल असं नाही, तरी अर्ज लगेच करा. इलिनॉयमध्ये किंडरगार्टनसाठी (पहिलीच्या आधीच्या वर्गासाठी) १ सप्टेंबरला पाच वर्षं पूर्ण लागतात. तोवर बहुधा मूल घरी, नाहीतर पदरचे पैसे भरून डे-केअर.

आता ब्लूमिंग्टन. तुम्ही लिहिलंय, ‘शिकागोजवळ आहे ना?’ नाही हो. २०० किलोमीटरच्या वर अंतर आहे, पुणे-कोल्हापूर समजा. शेजारच्या नॉर्मल गावातून (हो, गावाचं नाव खरंच नॉर्मल आहे) शिकागोला अ‍ॅमट्रॅकची रेल्वेगाडी आहे, अडीच तासांच्या आसपास लागतात. दोन्ही गावं जोडून आहेत आणि मिळून वस्ती सव्वा लाखाच्या वर. स्टेट फार्म या विमा कंपनीचं मुख्यालय तिथलं, त्यामुळे आयटीतले भारतीय भरपूर, देशी किराणा आहे, देऊळ आहे. एकटं पडायला होतं ते माणसं नाहीत म्हणून नव्हे, तर माणसांपर्यंत पोचायला गाडी लागते म्हणून. कनेक्ट ट्रान्झिटच्या शहर बसेस आहेत, पण जानेवारीत थांब्यावर मुलीला घेऊन उभं राहून बघा. हवा उणे वीस सेल्सिअसपर्यंत जाऊ शकते, आणि भोवती मका-सोयाबीनची सपाट शेतं असल्याने वाऱ्याला अडवायला काही नाही.

म्हणून ब्लूमिंग्टनमधला पहिला प्रश्न गाडीच्या लायसन्सचा. एच-४वर कामाची परवानगी नसेल तर सोशल सिक्युरिटी नंबर (तिथला सरकारी ओळख क्रमांक) मिळत नाही. नंबर मिळू शकत नाही असं सोशल सिक्युरिटी ऑफिसचं पत्र घेऊन लायसन्सला जावं लागतं. ‘रूल्स ऑफ द रोड’ नावाची पुस्तिका इंटरनेटवर फुकट आहे, पुण्यातच वाचून काढा. लेखी परीक्षा सोपी आहे. प्रत्यक्ष गाडीच्या परीक्षेत आपली माणसं अडकतात ती चारी बाजूंनी स्टॉपची पाटी असलेल्या चौकात. रस्ता रिकामा असला तरी चाकं पूर्ण थांबली पाहिजेत. जो आधी आला तो आधी जाणार, आणि हॉर्न कुणीही वाजवत नाही. कर्वे रोडवर तयार झालेल्या पायाला हे शिकवायला वेळ लागतो.

एकदा लायसन्स हातात आलं की मात्र गाव बदलतं. ग्रंथालयात मुलांच्या गोष्टींचे तास असतात, कॉन्स्टिट्यूशन ट्रेल नावाचा जुन्या रेल्वेमार्गावरचा सुंदर सायकलमार्ग आहे, हार्टलँड कम्युनिटी कॉलेजमध्ये कोर्स करता येतात (एच-४वर शिकायला बंदी नाही, कामाच्या परवानगीशिवाय पगारी नोकरीला आहे). शेजारी न विचारता तुमच्या दारातला बर्फ ढकलून जातात. पण ओळख आणि मैत्री यांत अंतर राहतं, तेवढं धरून चाला. खरी ऊठबस शेवटी आपल्याच लोकांत होते. जर्सी सिटीत शेजारी नावही विचारणार नाही, पण तिथे ते खटकत नाही. आणि हो, पहिल्या मंगळवारी सकाळी दहाला भोंगा वाजला तर घाबरू नका. इलिनॉयमध्ये टॉर्नेडोच्या (वावटळीसारख्या भयंकर वादळाच्या) भोंग्यांची ती महिन्याची चाचणी असते. इतर वेळी वाजला तर मुलीला उचलून तळघरात जायचं.

मराठी मंडळ, गणपती, मुलांची मराठी शाळा याची काळजी करू नका. जर्सीत ते दाराशी आहे, ब्लूमिंग्टनला थोडी धावपळ करावी लागते, इतकंच.

एका गोष्टीची काळजी मात्र करा. एच-१बीवर नोकरी गेली तर दुसरी शोधायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. न्यूयॉर्कच्या परिसरात तेवढ्यात घर न बदलता काहीतरी जमू शकतं. ब्लूमिंग्टनला मोठ्या कंपन्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, तेव्हा दुसरी नोकरी म्हणजे बहुधा दुसरं गाव. त्यामुळे तिथे भाडेकरारावर सही करण्याआधी मध्येच सोडलं तर दंड किती, ते विचारा आणि पहिल्या वर्षी मोठं फर्निचर घेऊ नका.

माझं मत विचाराल तर ऑक्टोबरात तिघंही जाणार असाल तर जर्सी सिटी. ब्लूमिंग्टनच पक्कं झालं, तर नवऱ्याला आधी जाऊ दे. घर, गाडी, विमा हे तो लावेल, आणि तुम्ही दोघी मार्चअखेरीस जा. बर्फ सरलेला असतो, उन्हाळाभर गाडीचा सराव होतो, आणि पुढच्या हिवाळ्यात तुम्ही कुणावर अवलंबून नसता. ज्या बायकांना मी तिथे कंटाळून परतीची तिकिटं बघताना पाहिलंय, त्या बहुतेक नोव्हेंबर-डिसेंबरात आलेल्या होत्या.

सामानाचंही विचारलंत. जाड जॅकेट आणि बूट पुण्यात घेऊ नका, तिथल्या थंडीला ते पुरत नाहीत. मिक्सर इथला चालणार नाही, तिथे १२० व्होल्ट आहे. कुकरच्या जादा रिंगा घ्या. मुलीच्या लसींची नोंद डॉक्टरांच्या सही-शिक्क्यानिशी इंग्रजीत करून हातातल्या पिशवीत ठेवा, शाळेचा प्रवेश त्यावाचून अडतो.