धायटीला काळी माती का मानवत नाही?

प्रश्न: नमस्कार काकू. गेल्या फेब्रुवारीत आम्ही रामटेकला गेलो होतो. तिथे उतारावर एक झुडूप लालभडक फुलांनी नुसतं लगडलेलं दिसलं. सासूबाई म्हणाल्या, ही धायटी. जूनमध्ये रोप मिळवून अंगणातल्या काळ्या मातीत लावलं, भरपूर शेणखत घातलं, रोज पाणी दिलं. पावसाळ्यात छान होतं, पण दिवाळीपासून पानं पिवळी पडून गळताहेत. काय चुकलं? आणि हिची फुलं औषधात पडतात म्हणे, मग मुलाच्या पोटदुखीवर घरीच काढा केला तर चालेल का?
— एक वाचक, मनीषनगर, नागपूर

उत्तर: ‘रोज पाणी’ वाचलं आणि दुखणं तिथेच कळलं. धायटी ही मेंदीच्या कुळातली. खडकाळ उतारावर, मुरमात, फटीतल्या मूठभर मातीवर वाढते. आपली काळी माती ओल धरून बसते. पावसाळ्यात तिचा चिखल होतो, मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजायला लागतात. वर तुम्ही रोज पाणी घातलंत.

आज पाणी थांबवा. दोन-तीन दिवसांनी संध्याकाळी रोप मातीच्या गड्ड्यासकट उचला. मऊ, काळी पडलेली मुळं कात्रीने कापून टाका. अंगणातल्या सगळ्यात उन्हाच्या कोपऱ्यात मुरूम आणि विटांचे तुकडे टाकून गुडघाभर उंच ढीग करा, त्यात थोडीच माती मिसळा आणि रोप त्यावर लावा. शेणखत आता नको. पहिला उन्हाळा आठवड्यातून एकदा पाणी द्या, रोप धरलं की तेही कमी करा. माझं झुडूप नागपूरच्या ४५ अंशांच्या मे महिन्यांत उभं राहिलं आहे. सावलीतलं मात्र मला जगवता आलं नाही.

माझे वडील वनखात्यात होते, त्यामुळे माझं लहानपण रामटेकच्या बाजूला गेलं. शाळेतून येताना आम्ही धायटीची फुलं तोडून त्यांचं देठाकडचं टोक चोखायचो, थेंबभर मध मिळायचा. लाल दिसते ती पाकळी नव्हे, ती निदलाची, म्हणजे कळीला बाहेरून झाकणाऱ्या आवरणाची नळी. खऱ्या पाकळ्या इवल्याशा असतात, नळीच्या तोंडाशी निरखून पाहाव्या लागतात. त्या मधासाठी शिंजीर, म्हणजे फुलांतला मध पिणारे चिमुकले पक्षी, दिवसभर झुडपावर असतात. माझ्याकडे फुलोरा जानेवारीच्या शेवटी सुरू होतो आणि मार्चपर्यंत टिकतो.

छाटणीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण लोक चुकतात ते इथेच. फुलं गेल्या वर्षी वाढून निबर झालेल्या, पानं झडलेल्या फांद्यांवर येतात. डिसेंबरात झुडूप नीटनेटकं करायला कात्री चालवलीत तर फुलोराच कापला म्हणून समजा. फुलं सरली की एप्रिलमध्ये छाटा. झुडूप सात-आठ फुटांपर्यंत वाढतं आणि फांद्या कमानीसारख्या वाकतात, त्या वाकू द्या. तेच तिचं रूप आहे.

आता काढ्याचं. धायटीची फुलं अशोकारिष्टासारख्या आसव-अरिष्टांत, म्हणजे आयुर्वेदातल्या आंबवलेल्या पातळ औषधांत घालतात ती आंबवण्यासाठी. सुकल्या फुलांवर असलेलं यीस्ट गुळातल्या साखरेचं मद्यार्कात रूपांतर करतं. फुलं तुरट असल्याने आयुर्वेदात अतिसारावरही ती सांगितली आहेत, पण मात्रा वैद्यच ठरवतात. लहान मुलाच्या पोटावर आपण प्रयोग करू नये. पोट दुखतं कशाने तेच आधी कळायला हवं, म्हणून त्याला डॉक्टरांना दाखवा. फुलांचा लाल रंग हवा असेल तर तो जरूर काढा. पूर्वी कापड रंगवायला तो वापरत.

नवी रोपं करायची असतील तर एप्रिल-मेमध्ये वाळलेल्या नळ्या हातावर चोळा. आतलं बी राईहूनही बारीक असतं. ते वाळूत मिसळून कुंडीतल्या मुरूममातीवर भुरभुरा, वरून माती घालू नका. झारीच्या पाण्याने ते वाहून जातं, म्हणून कुंडीच परातभर पाण्यात ठेवा, खालून ओल चढेल. यंदा माझ्याकडचं बी मी पुड्यांत बांधून ठेवणार आहे. तुमचं रोप नाहीच वाचलं तर मे महिन्यात मासिकाच्या पत्त्यावर लिहा, एक पुडी तुमच्यासाठी राखून ठेवते.