डेंग्यूच्या कुठल्या रुग्णाला आयसीयू लागेल हे सांगणारं लॉजिस्टिक रिग्रेशनचं मॉडेल केलंय. ६०० रुग्णांचे ७०-३० भाग पाडले, ७० टक्क्यांवर मॉडेल बसवलं, उरलेल्या १८० वर अचूकता ८८ टक्के आली. मॉडेल चांगलं म्हणायचं का?

इतक्यात म्हणू नका. त्या १८० पैकी २२ जणांना आयसीयू लागलं, असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे "कुणालाच लागणार नाही" असं डोळे मिटून सांगितलं तरी १५८ वेळा बरोबर. झाले की ८८ टक्के! लॉजिस्टिक रिग्रेशन शक्यता सांगतं. ती ०.५ वर कापून हो-नाही केलं की हातातली माहितीच टाकून दिली.

मी नागपुरातच डॉक्टरांच्या थिसिसचं स्टॅटिस्टिक्स बघते. मागे मेडिकल चौकात एका पीजीच्या लॅपटॉपवर आम्ही फक्त सीड (रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटणी ठरवणारा आकडा) बदलून तेच मॉडेल पुन्हा पुन्हा चालवलं. दर वेळी एयूसी वेगळा (आयसीयू लागलेल्या रुग्णाला न लागलेल्यापेक्षा मॉडेल किती वेळा जास्त शक्यता देतं, त्याचं माप; ०.५ म्हणजे नाणेफेक, १ म्हणजे बिनचूक). बिचारी त्यातला सगळ्यांत मोठा आकडा गाईडला दाखवणार होती. तुमच्या २२ केसेसवर एयूसी ०.७५ आला, तर ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरा आकडा जिथे असू शकतो तो पट्टा) साधारण ०.६३ ते ०.८७ होतो. एवढ्या रुंद पट्ट्यावरून काय ठरवणार?

म्हणून ६०० तोडू नका. सगळ्यांवर मॉडेल बसवा आणि बूटस्ट्रॅप करा. त्याच ६०० मधून परत-परत ६०० उचलायचे (एकच रुग्ण दोनदा आला तरी चालतो), त्यांवर मॉडेल नव्यानं बसवायचं, मग ते मूळ ६०० वर तपासायचं. उचललेल्या ६०० वरचा आणि मूळ ६०० वरचा, अशा दोन एयूसींतला फरक म्हणजे मॉडेलची फुशारकी. तीनशे फेऱ्यांची सरासरी काढून ती सगळ्यांवर बसवलेल्या मॉडेलच्या मूळ एयूसीतून वजा करा. व्हेरिएबल निवडले असतील तर ती निवडही प्रत्येक फेरीत नव्यानं झाली पाहिजे. लोक नेमके इथेच चुकतात. 'आर' या स्टॅटिस्टिक्सच्या सॉफ्टवेअरमध्ये संख्याशास्त्रज्ञ फ्रँक हॅरेल यांच्या 'आरएमएस' पॅकेजात व्हॅलिडेट आणि कॅलिब्रेट ही फंक्शन्स आहेत. मॉडेल बसवताना एक्स आणि वाय ट्रू (x=TRUE, y=TRUE) ठेवायला विसरू नका.

कॅलिब्रेशनचा, म्हणजे सांगितलेली शक्यता प्रत्यक्षाशी जुळते का याचा, आलेख तर काढाच. हवामान खात्यानं ज्या ज्या दिवशी पावसाची शक्यता ३० टक्के सांगितली, तशा शंभर दिवसांत तीसेक दिवस पाऊस पडायला हवा. तसंच तुमच्या ३० टक्केवाल्या रुग्णांचं. ग्लेन ब्रायर यांनी १९५० मध्ये त्यांचा स्कोअर (सांगितलेली शक्यता आणि प्रत्यक्ष निकाल, ० किंवा १, यांतल्या फरकाच्या वर्गाची सरासरी) हवामानाच्या अंदाजांसाठीच मांडला होता. तुमच्या १८० जणांत सगळ्यांना सरसकट १२ टक्के दिले तरी तो ०.१०७ येतो. मॉडेलचा त्याहून कमी यायला हवा.

खरी बाहेरची परीक्षा घ्यायची असेल, तर पुढच्या पावसाळ्यानंतरचे रुग्ण घ्या, शक्यतो दुसऱ्या हॉस्पिटलचे, आणि त्यांत आयसीयूच्या निदान शंभर केसेस जमेपर्यंत थांबा. तोवर कोएफिशियंटना (मॉडेलनं प्रत्येक व्हेरिएबलला दिलेल्या वजनांना) हात लावू नका.